नापास कोण, मूल की शाळा? बार्बियानाच्या शाळेने विचारलेला प्रश्न

इयत्ता पाचवीत अथवा आठवीत एखादे मूल परीक्षेत अनुत्तीर्ण झाले, तर त्याला त्याच वर्गात पुन्हा बसवावे की पुढच्या वर्गात पाठवावे, हा प्रश्न गेली काही वर्षे आपल्या राज्यातील पालकांपुढे व शिक्षकांपुढे उभा आहे. २००९ साली संसदेने संमत केलेल्या व १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे ठरविण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ साली आपल्या नियमांत त्याप्रमाणे बदल केला. आता या दोन इयत्तांत वार्षिक परीक्षा होते, अनुत्तीर्ण मुलास अतिरिक्त मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षा घेतली जाते, आणि तीतही यश न आल्यास ते मूल त्याच वर्गात राहते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठीही असाच निर्णय घेतला.

या विषयावर दोन मते ऐकू येतात. परीक्षेची भीती नसल्यामुळे मुले काहीच न शिकता वर चढत गेली, असे काहींचे म्हणणे आहे. नापासाचा शिक्का बसला की गरिबाचे मूल शाळाच सोडते, असे इतर सांगतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्षांच्या वादात एक प्रश्न बहुधा मागे पडतो: वर्षभर ते मूल शाळेत येत होते, तेव्हा शाळेने त्याच्यासाठी नेमके काय केले?

हा प्रश्न अत्यंत रोखठोकपणे विचारला, तो इटलीतील एका डोंगराळ वस्तीवरच्या आठ विद्यार्थ्यांनी, आपल्या धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली, १९६७ साली. त्यांच्या शाळेचे नाव बार्बियाना आणि त्या धर्मगुरूंचे नाव फादर लोरेन्झो मिलानी. जगभरच्या शिक्षणविचारात या छोट्या शाळेचे नाव आज आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ती फारशी परिचित नाही. म्हणून तिची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

दोन वाटांची शाळा

इटलीतील त्या काळची शालेय व्यवस्था समजून घेतल्याशिवाय बार्बियानाचे महत्त्व ध्यानी येणार नाही. १९२३ साली तेथील शिक्षणाची जी पुनर्रचना झाली, तिच्या मुळाशी असा विचार होता की उच्च शिक्षण हे निवडक लोकांसाठी असते आणि लॅटिनसह अभिजात विद्या हा त्याचा पाया होय. पाच वर्षांचे प्राथमिक शिक्षण झाले की, म्हणजे मूल साधारण अकरा वर्षांचे असतानाच, वाटा फुटत. एक वाट प्रवेशपरीक्षा व लॅटिन यांच्या मार्गाने माध्यमिक शाळेकडे व पुढे विद्यापीठाकडे जाई. दुसरी वाट कामधंद्याचे जुजबी शिक्षण देऊन थांबे, तिच्यापुढे विद्यापीठाचे दार बंद असे. डॉक्टरचा मुलगा पहिल्या वाटेने जाई आणि शेतमजुराचा मुलगा दुसऱ्या. कितीतरी मुले तर दोन्ही वाटांना न लागता थेट शेतात किंवा कारखान्यात जात.

१९४८ साली इटलीची नवी राज्यघटना अमलात आली. नागरिकांच्या समानतेच्या आड येणारे आर्थिक व सामाजिक अडथळे दूर करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे तिने सांगितले आणि किमान आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मात्र हे तत्त्व शाळेपर्यंत पोहोचण्यास चौदा वर्षे लागली. ३१ डिसेंबर १९६२ च्या कायद्याने दोन वाटा बंद होऊन अकरा ते चौदा वयोगटातील सर्व मुलांसाठी एकच माध्यमिक शाळा निर्माण झाली. दारावरची पाटी बदलली, परंतु आतील शिक्षक, पुस्तके, परीक्षा आणि मने बरीचशी जुनीच राहिली. पूर्वी जे मूल दारातच अडविले जाई, ते आता आत येऊन नापास होऊ लागले.

श्रीमंत घरातील मुलगा, डोंगरावरचा धर्मगुरू

लोरेन्झो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्स येथील एका सधन, सुसंस्कृत कुटुंबात झाला. त्यांची आई ज्यू वंशाची होती. घरात धर्माचे वातावरण नव्हते, विद्वत्तेचे व कलेचे होते. तरुणपणी लोरेन्झो चित्रकलेकडे वळले. १९४३ साली, ऐन युद्धकाळात, त्यांना श्रद्धेची हाक ऐकू आली. त्यांनी सेमिनरीत प्रवेश घेतला आणि १९४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

सहायक धर्मगुरू म्हणून त्यांची पहिली नेमणूक फ्लॉरेन्सजवळील कालेन्झानो येथे झाली. तो कापड-गिरण्यांतील कामगारांचा भाग. आपण व्यासपीठावरून जे बोलतो ते येथील लोकांना समजतच नाही, हे थोड्याच दिवसांत या तरुण धर्मगुरूच्या लक्षात आले. त्यांना त्याचे कारण श्रद्धेच्या अभावात सापडले नाही, शब्दांच्या अभावात सापडले. ज्यांच्याजवळ भाषा नाही, त्यांना शुभवर्तमान कळत नाही, कामाचा करारनामा कळत नाही आणि निवडणुकीतील भाषणही कळत नाही. म्हणून त्यांनी कामगार तरुणांसाठी रात्रशाळा काढली. ती सर्वांना खुली होती. साम्यवादी विचारांचे तरुणही तेथे येत. ही शाळा कोणा एका पक्षाची आहे असे वाटून कोणी मागे फिरू नये, म्हणून त्यांनी वर्गाच्या भिंतीवरील क्रूसही उतरविला. त्यांचे हे पाऊल अनेकांना रुचले नाही.

डिसेंबर १९५४ मध्ये त्यांची बदली बार्बियाना येथे झाली. मुजेल्लो खोऱ्यातील विक्कियो गावाच्या हद्दीत, मोन्ते जोवी डोंगराच्या उतारावर विखुरलेली काही घरे, एक मंदिर, एक स्मशानभूमी, एवढाच हा धर्मग्राम. मंदिरापर्यंत पक्का रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. लोकवस्ती जेमतेम शंभरेक आणि तीही ओसरत चाललेली. ही नेमणूक म्हणजे एक प्रकारची हद्दपारी आहे, असेच सर्वांना वाटले. फादर मिलानी यांनी मात्र तेथे पोहोचताच आपल्या दफनासाठी तेथील स्मशानभूमीत जागा विकत घेतली. आपण येथे काही दिवस काढण्यासाठी आलेलो नाही, हे त्यांनी या कृतीतून लोकांना सांगितले.

शाळा कशी चाले?

बार्बियानाची मुले प्राथमिक शिक्षण संपवून, किंवा ते अर्धवट टाकून, मेंढरांमागे व शेतावर जात. सरकारी शाळेत त्यांच्यावर नापासाचा शिक्का बसलेला असे. १९५६ साली अशा सहा मुलांना घेऊन धर्मगुरूंच्या घरातच शाळा सुरू झाली. पुढे आसपासच्या वस्त्यांतूनही, काही तासांची पायपीट करून, मुले येऊ लागली.

या शाळेचे नियम साधे होते. ती सकाळी सुरू होई व दिवस मावळेपर्यंत चाले. वर्षाचे ३६५ दिवस ती भरे. रविवारही त्यास अपवाद नसे, पवित्र मिस्सा झाला की वर्ग सुरू. सुट्टी नव्हती आणि खेळाचा तासही नव्हता. हे वाचून आजच्या पालकांना धक्का बसेल. परंतु त्या मुलांच्या दृष्टीने शाळेला पर्याय होता तो मेंढरे राखण्याचा व शेण काढण्याचा. त्या तुलनेत शाळा ही त्यांना कधीच शिक्षा वाटली नाही.

तेथे वर्गातील शेवटचे मूल हे धड्याची गती ठरवी. एखाद्यास एखादी गोष्ट समजली नसेल, तर ती समजेपर्यंत बाकीचे पुढे जात नसत. ज्याला आधी समजले, त्याने इतरांना शिकवायचे. त्यामुळे बारा-तेरा वर्षांची मुले आपल्याहून लहान मुलांचे शिक्षक होत. पुस्तके थोडी होती. एकाच पुस्तकाभोवती सर्वांनी बसायचे. टेबले, खुर्च्या, नकाशे, आकाशाचा अभ्यास करण्याची उपकरणे मुलांनी स्वतःच्या हातांनी तयार केली. डोंगरातील मुलांची पाण्याची भीती जावी म्हणून एक लहानसा तलाव बांधून पोहणेही शिकविण्यात आले.

दररोज वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन होई. एकेका शब्दावर थांबून त्याचा अर्थ, त्याचे मूळ, त्यामागचा इतिहास व भूगोल यांची चर्चा चाले. दूरदूरहून कोणी पाहुणा आला की मुले त्याच्याभोवती बसून प्रश्न विचारीत. पाहुणा प्राध्यापक असो वा कामगार, कठीण शब्द वापरून सुटका करून घेण्याची सवलत कोणालाच नसे. परदेशी भाषा ध्वनिमुद्रिकांच्या साहाय्याने शिकविल्या जात आणि मोठी मुले उन्हाळ्यात इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स अशा देशांत जाऊन, तेथे काम करून, भाषा पक्की करून येत. ज्या मुलांनी पूर्वी डोंगराखालचे शहरही पाहिले नव्हते, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी झेप होती!

शाळेच्या एका भिंतीवर ‘आय केअर’ हे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते. मला पर्वा आहे, दुसऱ्याचे दुःख ते माझे दुःख, असा त्यांचा आशय. मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीत ‘मला काय त्याचे’ अशा बेपर्वाईच्या घोषणेला मोठा मान होता. तिला दिलेले हे उत्तर होते.

एका शिक्षिकेस पत्र

या शाळेतील काही विद्यार्थी शिक्षक होण्याच्या इच्छेने सरकारी प्रशिक्षण विद्यालयात गेले आणि तेथे त्यांना नापास करण्यात आले. त्या निमित्ताने मुलांनी एक पत्र लिहावयास घेतले. सुमारे वर्षभराच्या परिश्रमातून त्याचे पुस्तक झाले. ‘एका शिक्षिकेस पत्र’ या अर्थाच्या शीर्षकाने ते मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखक म्हणून कोणा एकाचे नाव नव्हते, ‘बार्बियानाची शाळा’ एवढेच छापले होते. बार्बियानातील आठ विद्यार्थ्यांनी ते एकत्रितपणे लिहिले होते.

लेखनाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. प्रत्येकाने आपल्या मनात येणारा एकेक विचार स्वतंत्र चिठ्ठीवर लिहायचा. मग सर्व चिठ्ठ्या टेबलावर मांडून सारख्या विचारांचे गठ्ठे करायचे. गठ्ठ्यांची प्रकरणे होत, प्रकरणांचे परिच्छेद होत. त्यानंतर पुनरुक्ती काढायची, लांब वाक्ये तोडायची, अवघड शब्दांऐवजी सोपे शब्द घालायचे. लिहिलेले बाहेरच्या, फारसे न शिकलेल्या माणसांना वाचून दाखवायचे आणि त्यांना जे कळले नाही ते पुन्हा लिहायचे. लिहिणे ही देणगी नसून ते एक कौशल्य आहे आणि ते कोणालाही शिकविता येते, हे त्यांनी या रीतीने दाखवून दिले.

पुस्तकात दोन मुले वारंवार भेटतात. एक जान्नी, गरिबाघरचा, लवकर नापास होऊन शाळेबाहेर पडणारा. दुसरा पिएरिनो, डॉक्टरचा मुलगा, घरातूनच वाचायला शिकून आलेला. शाळा दोघांना एकच धडा, एकच वेळ आणि एकच प्रश्नपत्रिका देते. वरवर पाहता हा न्याय आहे. परंतु पिएरिनोच्या घरी पुस्तके आहेत, शुद्ध भाषा बोलणारी आई आहे, अडल्यास शिकवणी आहे. जान्नीला यापैकी काहीच नाही. मुळात विषम असलेल्यांना समान वागणूक दिली, तर विषमता तशीच राहते, किंबहुना वाढते, असे हे विद्यार्थी सांगतात. रुग्णालयाने धडधाकट माणसांवर उपचार करावेत व आजाऱ्यांना परत पाठवावे, तसे हे झाले, अशा आशयाची त्यांची टीका प्रसिद्ध आहे.

त्यांनी केवळ तक्रार केली नाही. शाळांच्या नोंदी व सरकारी आकडेवारी मिळवून, वडिलांच्या व्यवसायानुसार कोणाची मुले किती नापास होतात, कितव्या इयत्तेत गळतात, याचे तक्ते त्यांनी तयार केले. शेतकऱ्यांची व कामगारांची मुले सर्वाधिक गळतात, हे त्या तक्त्यांतून स्पष्ट झाले. बुद्धी जर देवाने सर्व थरांत सारखीच वाटली असेल, तर नापासांची विभागणी बापाच्या धंद्याप्रमाणे कशी होते? या प्रश्नाला व्यवस्थेजवळ उत्तर नव्हते.

तीन उपाय, एकत्र

पुस्तकात तीन सुधारणा सुचविल्या आहेत. पहिली, मुलांना नापास करू नये. दुसरी, जी मुले अभ्यासात मंद वाटतात, त्यांच्यासाठी शाळा पूर्ण वेळ चालवावी. तिसरी, जी मुले आळशी वाटतात, त्यांना शिकण्याचे काही ध्येय द्यावे.

या तीन सूचना एकमेकींपासून अलग करता येत नाहीत, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहिली सूचना एकटी राबविली, तर न शिकलेले मूल वरच्या वर्गात ढकलले जाते आणि नापासाचा शिक्का केवळ काही वर्षे लांबणीवर पडतो. दुसरी एकटी राबविली, तर दिवसभर कोंडलेले व वर्षाअखेर तरीही हाकलले जाणारे मूल निर्माण होते. तिसरी नसेल, तर उरलेल्या दोन्हींना अर्थ राहत नाही, कारण गुणांसाठी व स्वतःच्या बढतीसाठी शिकणे हे ध्येय मुलाला फार काळ धरून ठेवीत नाही. शिकावे ते इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी, अशी फादर मिलानी यांची शिकवण होती. नापास करू नका, याचा अर्थ त्यांच्या मते काम कमी करा असा नव्हता. उलट शिक्षकाचे काम कितीतरी पटींनी वाढवा, असा होता.

पुढे काय झाले?

पुस्तक प्रसिद्ध होऊन जेमतेम महिना-दीड महिना झाला असेल. २६ जून १९६७ रोजी फादर मिलानी यांचे फ्लॉरेन्स येथे कर्करोगाने निधन झाले. त्यांचे वय अवघे ४४ वर्षांचे होते. बार्बियानातील त्या विकत घेतलेल्या जागेतच त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या हयातीत त्यांना पुष्कळ सोसावे लागले. १९५८ साली आलेले त्यांचे धर्मसेवेविषयीचे पुस्तक ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांच्या आदेशावरून त्याच वर्षी विक्रीतून काढून घेण्यात आले होते. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लष्करी सेवेस नकार देणाऱ्यांची बाजू घेतल्याबद्दल १९६५ साली त्यांच्यावर खटला भरला गेला. फेब्रुवारी १९६६ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. इतके होऊनही त्यांनी ख्रिस्तसभा सोडली नाही की तिच्याशी अबोला धरला नाही. पापक्षमेचा संस्कार मला दुसरीकडे कोठे मिळणार, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे असे.

काळाने त्यांना न्याय दिला. २०१४ साली त्यांच्या पुस्तकावरील निर्बंध दूर झाल्याचे व्हॅटिकनकडून सांगण्यात आले. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः बार्बियानाला गेले, त्यांच्या कबरीपुढे त्यांनी मूक प्रार्थना केली आणि फादर मिलानी यांच्या माजी विद्यार्थ्यांची भेट घेतली. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २७ मे २०२३ रोजी, इटलीचे राष्ट्राध्यक्ष सर्जिओ मात्तारेल्ला हेही त्या डोंगरावर गेले.

इटलीच्या शालेय व्यवस्थेतही बदल झाले. १९७१ साली प्राथमिक शाळा पूर्ण वेळ चालविण्याची तरतूद कायद्याने झाली. १९७७ च्या कायद्याने अपंग मुलांसाठीचे वेगळे वर्ग बंद करून त्यांना सर्वांबरोबर सामान्य वर्गात घेतले आणि मूल्यमापनाची पद्धत बदलली. या सुधारणांमागे अनेकांचे प्रयत्न होते. त्या सर्व बार्बियानामुळेच झाल्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि त्या काळी शिक्षणाविषयी बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाती ते पुस्तक होते, हे खरे.

या विचारावर टीकाही झाली आणि आजही होते. मिलानींमुळे शाळांचा दर्जा घसरला, अभ्यासाची शिस्त गेली, असे काही इटालियन अभ्यासक म्हणतात. यास उत्तर असे की, त्यांच्या नावाने व्यवस्थेने सोपी गोष्ट उचलली आणि कठीण गोष्ट सोडून दिली. बार्बियाना ही ढिलाईची शाळा कधीच नव्हती. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, सर्व आयुष्य मूठभर मुलांना वाहून घेतलेला अविवाहित धर्मगुरू जे करू शकतो, ते संसारी शिक्षकाकडून जसेच्या तसे अपेक्षिता येणार नाही. वर्षाचे ३६५ दिवस शाळा भरविणे आज शक्य नाही आणि इष्टही नाही. बार्बियानातून घ्यावयाचे ते वेळापत्रक नव्हे. शेवटच्या मुलाला समजल्याशिवाय पुढे न जाण्याची वृत्ती घ्यावयाची आहे.

महाराष्ट्रातील प्रश्न

आपल्या भूमीला हा विचार नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हेच दाखवून दिले होते की, सरकारी महसूल येतो शेतकऱ्यांच्या श्रमातून आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ होतो वरच्या वर्गांना. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांनी मागणी केली होती. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. बार्बियानाची मुले आपले पत्र लिहीत होती, त्याच सुमारास, १९६६ साली, कोठारी आयोगाने सर्व थरांतील मुले एकत्र शिकतील अशा समान शाळांची शिफारस केली. ती मोठ्या प्रमाणात कागदावरच राहिली.

शिक्षण हक्क कायद्याकडे बार्बियानाच्या चष्म्यातून पाहिले, तर काय दिसते? नापास न करण्याची तरतूद कायद्यात होती. परंतु तिच्या जोडीला प्रत्येक मुलाची आकलनक्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकविणे, हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून त्याच कायद्यात नमूद होते. सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाचीही तरतूद होती. शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात घेताना विशेष प्रशिक्षण देण्याचीही होती. यांपैकी पहिली तरतूद राबविण्यास खर्च नव्हता आणि श्रम नव्हते, म्हणून ती सर्वत्र अमलात आली. बाकीच्यांना शिक्षक लागत होते, वेळ लागत होता, तळमळ लागत होती. त्या कितीतरी ठिकाणी मागे पडल्या. मग जेव्हा मुलांना वाचता येत नाही असे आढळले, तेव्हा दोष पहिल्या तरतुदीवर ठेवण्यात आला.

आता परीक्षा परत आली आहे. नव्या नियमांत अनुत्तीर्ण मुलास अतिरिक्त मार्गदर्शन देण्याची जबाबदारी शाळेवर आहे. ती प्रामाणिकपणे पार पडली, तर परीक्षा ही मुलाची अडचण वेळीच ओळखण्याचे साधन ठरेल. ती कागदोपत्री पार पडली, तर तेच मूल, त्याच वर्गात, त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष बसेल आणि बहुधा त्यानंतर येणारच नाही. खरा निकाल वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लागणार नाही. परीक्षा व पुनर्परीक्षा यांच्या मधल्या दिवसांत कोणी त्या मुलाजवळ बसले की नाही, यावर तो अवलंबून राहील.

भाषेचा प्रश्न तर आपल्या अगदी जवळचा आहे. वारली, कोरकू, गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकातील प्रमाण मराठी त्याला परकीच असते. वसई परिसरातील आपल्या आजी-आजोबांनीही घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलून शाळेत प्रमाण मराठीशी झुंज दिली आहे. आता अनेक घरांतील मुले मराठी वातावरणातून थेट इंग्रजी माध्यमात जातात. ज्या मुलाच्या घरी ती भाषा बोलणारे कोणी नाही, ते मूल गणितात कच्चे असते म्हणून नव्हे, तर गणिताचा प्रश्नच वाचता येत नाही म्हणून मागे पडते. बोलीची टिंगल न करता तिच्यावरून प्रमाणभाषेकडे मुलाला हात धरून नेणे, हे बार्बियानाच्या शाळेचे मुख्य काम होते.

आपल्या शाळा आणि आपण

१९६५ साली, फादर मिलानी बार्बियानात शिकवीत असतानाच, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे आपले घोषणापत्र प्रसिद्ध केले. जे ऐहिक संपत्तीने गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार व माया लाभलेली नाही, जे आपल्या श्रद्धेचे नाहीत, अशांची कॅथॉलिक शाळांनी विशेष काळजी वाहावी, असे आवाहन त्यात आहे. या कसोटीवर आपण आपल्या संस्थांकडे पाहावयास हवे.

आपल्या शाळांनी महाराष्ट्रात गोरगरिबांसाठी फार मोठे कार्य केले आहे, याबद्दल दुमत नाही. धर्मगुरू व धर्मभगिनींनी आडवळणाच्या गावांत, आदिवासी पाड्यांवर शाळा व वसतिगृहे चालविली आणि आजही चालवितात. परंतु शहरांतील नामांकित शाळांपुढे प्रवेशासाठी रांगा लागतात, तेव्हा निवड कोणाची होते, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ व २०१४ च्या निर्णयांद्वारे अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले, त्यामुळे दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा राखण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर राहिले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका पीठाने या सवलतीविषयी शंका व्यक्त करून हा विषय मोठ्या पीठापुढे जावा, असे म्हटले. अल्पसंख्याकांचे घटनादत्त हक्क मोलाचे आहेत व ते जपले पाहिजेत. पण कायद्याने सूट दिली म्हणून शुभवर्तमान सूट देत नाही. नव्याण्णव मेंढरे सुरक्षित आहेत, यावर प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळ समाधान मानीत नाही. दहावीचा शंभर टक्के निकाल जाहीर करणाऱ्या शाळेला म्हणूनच नम्रपणे विचारावेसे वाटते की, नववीत जी मुले गळाली, त्यांची गणती कोठे केली?

बार्बियानाच्या विद्यार्थ्यांनी आपले पुस्तक शिक्षकांपेक्षा पालकांना उद्देशून लिहिले होते. पालकांनी संघटित व्हावे, अशी त्यांची हाक होती. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे आपला कायदाही सांगतो. परंतु सभेत बोलतात ते शिकलेले पालक. रोजंदारीवर जाणारी आई सभेला येऊ शकत नाही आणि आली तर बोलत नाही. तिच्या शेजारी बसून तिचा प्रश्न सभेपुढे मांडणे, ही शिकलेल्या पालकांची सेवा ठरेल.

धर्मग्रामाच्या पातळीवरही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मंदिराच्या आवारातील सभागृह सायंकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडता येईल. घरात जागा व शांतता नसलेल्या मुलाला तेवढेही पुरेसे असते. महाविद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली आठवड्यातून दोन दिवस पाचवीच्या व आठवीच्या मुलांना शिकवू शकतील. यातून लहानांना अभ्यास येईल आणि मोठ्यांना आपल्या शिक्षणाचे प्रयोजन सापडेल. निवृत्त शिक्षक हे तर प्रत्येक धर्मग्रामाचे धन आहे. लहान ख्रिस्ती समूहांनी आपल्या विभागात शाळा सोडलेले एखादे मूल आहे काय, याची आस्थेने चौकशी करावी. ते मूल कोणत्या धर्माचे आहे, हे पाहण्याचे कारण नाही.

यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही. फादर मिलानी यांच्याजवळ अनुदान नव्हते, इमारत नव्हती, मान्यता नव्हती. एक खोली होती, एक वर्तमानपत्र होते आणि ज्यांना इतरांनी शिकण्यास अपात्र ठरविले होते अशी सहा मुले होती. येत्या शैक्षणिक वर्षाच्या निकालानंतर आपल्या धर्मग्रामातील ज्या मुलांना पुनर्परीक्षेस बसावे लागेल, त्यांची नावे शाळेकडून मिळवून, त्या मधल्या आठवड्यांत त्यांना सोबत करण्याचा संकल्प आपल्या पॅरिश कौन्सिलने केला, तर बार्बियानाचे कार्य आपल्याही अंगणात सुरू होईल.